रंग बदलला की किंमत पडते का?

जुन्या आणि संग्राह्य स्पोर्ट्‌स गाड्यांच्या रंगाबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ आहे, रंग ग्रँड प्रिक्स व्हाइट. रंग आता निस्तेज झालाय. नाहीतरी रंगवायचीच आहे, तर गार्ड्‌स रेड करावी असं मनात आहे. लाल गाडीला गिऱ्हाईक पटकन मिळतं म्हणतात. किंमत वाढेल ना?
— एक वाचक, न्यू जर्सी

वाढणार नाही. बहुतेक वेळा घटेल, आणि का घटेल ते कळलं तर किती घटेल याचाही अंदाज येतो.

या गाडीचा जाणकार गिऱ्हाईक आधी ड्रायव्हरचं दार उघडतो. दाराच्या खांबावर कारखान्याने लावलेला रंगाचा कोड असतो आणि पुढच्या बॉनेटखाली ऑप्शन कोडचं, म्हणजे मागवलेल्या खास सोयींच्या यादीचं, स्टिकर. तिथे पांढरा आणि बाहेर लाल दिसला, की तो मनात वजाबाकी सुरू करतो. गाडी पुन्हा पांढरी करायला येणारा खर्च पहिल्यांदा वजा होतो. मग ‘रंग का बदलला असेल, अपघात तर झाकला नाही?’ या शंकेचे पैसे कापले जातात. शेवटी जातो तो मूळ रंगाचा मान, कारण एकदा खरवडलेला कारखान्याचा रंग परत आणता येत नाही. मूळ रंग दुर्मीळ असेल, खास मागवून करून घेतलेला असेल, तर हा तिसरा आकडा सगळ्यांत मोठा. तुमच्या बाबतीत पांढरा काय आणि लाल काय, दोन्ही त्या काळी भरपूर विकले गेलेले रंग. म्हणजे दुर्मीळ काही गमावणार नाही, पण कमावणारही नाही. रंगकामाचा खर्च मात्र पुरता अंगावर पडेल.

त्याच रंगात रंगवणं आणि रंग बदलणं यांत कामाचा फरक फार मोठा आहे. त्याच रंगात करताना दाराच्या चौकटी, डिकीचा आतला भाग, इंजिनाची खोली बऱ्याचदा तशीच ठेवता येते. रंग बदलायचा तर या सगळ्या जागा रंगवाव्या लागतात, नाहीतर दार उघडलं की पांढरी कड चमकते. त्यासाठी इंजिन खाली उतरवायचं, पुढची-मागची काच आणि सगळी रबरं काढायची (या मॉडेलच्या काचा रबरात बसवलेल्या आहेत, त्यामुळे काढता येतात), दारं, बॉनेट, बंपर, दिवे, कुलपं, आतलं कापड सुटं करायचं. दोन-तीनशे तास सहज जातात. जे गॅरेज ‘आठवड्यात देतो’ म्हणतं, ते काचेवर टेप लावून फवारा मारणार हे धरून चाला. वर्षभरात त्या टेपच्या कडेपासूनच पोपडे सुटतात.

आणखी एक. पोर्शेने १९७६च्या मॉडेलपासून ९११चा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा देऊन वापरला. म्हणूनच या गाड्या त्या आधीच्या गाड्यांपेक्षा कमी गंजतात. ‘पूर्ण पत्रा उघडा करून देतो’ असं पेंटर अभिमानाने सांगत असेल, तर कशाने उघडा करणार ते विचारा. जाड वाळूचा मारा केला तर जस्त जातं आणि मोठे सपाट भाग वाकतात. मूळ रंग घट्ट बसलेला असेल तर तो बारीक घासून त्यावरच इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली पकड देणारा थर) देणं जास्त शहाणपणाचं. पत्रा फक्त गंज किंवा जुनी पुट्टी असेल तिथेच उघडावा.

उलट दिशेला, म्हणजे लाल गाडी पांढरी करताना, वेगळीच फजिती होते. काही जुन्या लाल रंगांतला रंगद्रव्याचा अंश नव्या थरातल्या सॉल्व्हंटमध्ये (रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळून वर येतो. गाडी बूथमधून पांढरी शुभ्र बाहेर पडते आणि काही दिवसांनी गुलाबी झाक मारू लागते. त्यावर आणखी पांढरा मारून काही साधत नाही. मध्ये अडवणारा सीलर द्यावा लागतो, किंवा लाल पूर्ण काढावा लागतो.

पण मुळात रंगवायची गरज आहे का, हेच आधी पाहा. त्या काळचे साधे, म्हणजे मेटॅलिक (धातूचे बारीक कण असलेले) नसलेले रंग बरेचदा वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, न देता केलेले असत. ते उन्हाने खडूसारखे होतात, पण खाली रंग शाबूत असतो. जाडी मोजण्याचं यंत्र घेऊन प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजा. शंभर मायक्रॉनच्या पुढे आकडे असतील तर पॉलिशला वाव आहे. ऐंशीच्या खाली आले तर कडा आणि घड्यांवर हात हलका ठेवा, प्रायमर उघडा पडायला वेळ लागत नाही. पॅडवर पांढरा रंग येईल, त्याने घाबरू नका. क्लिअर कोट नाही याचीच ती खूण. अशी थोडी झिजलेली, दोन-चार चरे असलेली पण मूळ रंगातली गाडी नव्याने रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा महाग जाऊ शकते. नव्या लोकांना हे उलटं वाटतं, पण संग्राहकांच्या बाजारात ते खरं आहे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये जॅग्वार ई-टाइप घेतली आहे, सध्या लाल. हेरिटेज सर्टिफिकेट (कारखान्याच्या नोंदींवरून मिळणारा दाखला) मागवलं तर मूळ रंग ओपलेसंट सिल्व्हर ब्लू निघाला. मूळ रंगात परत न्यावी का?
— एक वाचक, लेस्टर

आत्ताचं लाल रंगकाम चांगलं असेल आणि गाडी चालवण्यासाठी घेतली असेल, तर फक्त किमतीसाठी हात लावू नका. घातलेला पैसा सगळा परत येत नाही. पण गंजाच्या कामासाठी गाडी नाहीतरी उघडणार असाल, तर मूळ रंगाशिवाय दुसरा विचारही करू नका. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या या सर्टिफिकेटवर बाहेरचा आणि आतल्या कातड्याचा रंग, इंजिन, गिअरबॉक्स व बॉडीचे क्रमांक, गाडी कारखान्यातून निघाल्याची तारीख, सगळं असतं. गाडी आणि कागद जुळले की विकताना वाद राहत नाही.

कागदावर रंगाचं नाव मिळतं, छटा मिळत नाही. डॅशबोर्डच्या मागे, डिकीतल्या फळीखाली, मागच्या आतल्या आवरणाआड मूळ रंगाचे तुकडे शोधा. बहुतेक गाड्यांत कुठेतरी सापडतातच. त्यावरून पेंटरकडून पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून घ्या आणि तो उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी पाहा. ओपलेसंट, म्हणजे जॅग्वारच्या त्या काळच्या मेटॅलिक, रंगांतले धातूचे कण फार बारीक असत. आजच्या मिक्सिंग मशीनमधून निघणारा मेटॅलिक जाड कणांचा असतो, आणि वर क्लिअर कोटचे चार हात दिले की गाडी काचेच्या खेळण्यासारखी दिसते. जाणकार माणूस वीस फुटांवरून ओळखतो.

ई-टाइपमध्ये पुढची इंजिन धरणारी नळ्यांची चौकटही गाडीच्याच रंगात असायची. ती काळी राहिली असेल तर कागद काहीही सांगो, काम अर्धवट आहे हे उघड आहे. ती रंगवताना पावडर कोटिंगच्या (रंगाची पावडर भाजून चढवण्याच्या) भानगडीत पडू नका. हे थर जाड असतात, नळ्यांच्या सांध्यांवरच्या बारीक चिरा झाकून टाकतात, आणि नळ्या गंजतात त्या आतून. रंगवण्याआधी प्रत्येक सांधा स्वच्छ करून तपासून घ्या, चौकट शंकास्पद असेल तर बदला. गाडीचं पुढचं सगळं वजन तिच्यावर आहे.

प्रश्न : रंग न बदलता व्हिनाइल रॅप केलं, म्हणजे रंगावर प्लास्टिकची फिल्म चिकटवली, तर किमतीवर परिणाम होतो का? गाडी पोर्शे केमन आहे, फार जुनी नाही.
— एक वाचक, पुणे

चांगल्या प्रतीचं कास्ट व्हिनाइल नीट लावलं आणि वेळेत काढलं, तर नाही. भीती दोन ठिकाणी आहे. एखादा भाग पूर्वी बाहेर रंगवलेला असेल आणि त्याची पकड कच्ची असेल, तर रॅप ओढताना क्लिअर कोटचं सालपट सोबत येतं. म्हणून लावण्याआधी जाडी मोजून नोंद ठेवा. दुसरं म्हणजे ऊन. बॉनेट, छप्पर आणि डिकीवरचं व्हिनाइल आपल्याकडच्या उन्हात बाजूंच्या भागांच्या मानाने लवकर कडक होतं. मग ते सलग न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघतं आणि खाली डिंक राहतो. आडव्या भागांवरचं दोन-तीन वर्षांत काढायचं असं ठरवूनच लावा. काढताना हीटगनने कोमट करत, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचं. ताज्या रंगावर रॅप महिना-दीड महिना तरी नको. खालचं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फोड येतात.

आणि लावताना ब्लेड रंगावर चालवणारा कारागीर असेल तर परत या. त्याच्या कापण्याच्या रेषा रॅप काढल्यावर दाराच्या कडेला दिसतात, आणि त्या पॉलिशने जात नाहीत.

प्रश्न : भारतात रंग बदलला तर आरटीओला सांगावंच लागतं का? मला जुनी गाडी मिलिटरी हिरव्या रंगात करायची आहे.
— एक वाचक, नाशिक

सांगावंच लागतं. रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीत दुरुस्ती करून घ्यायची. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा, हे नाकाबंदीत तर अडतंच, पण खरी अडचण विकताना होते. हस्तांतराच्या वेळी तपासणीत गाडी आणि कागद जुळत नाहीत.

मिलिटरी हिरव्याचं मात्र जमणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. ब्रिटिश रेसिंग ग्रीनसारखा गडद हिरवा चालतो. छटा ऑलिव्हकडे झुकत असेल तर आरटीओत तुम्ही कितीही फरक समजावला तरी साहेबांच्या डोळ्यांवर सगळं अवलंबून, तेव्हा स्पष्ट वेगळी छटा घ्या.

गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर २०२१पासून ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत ही अट आहे. त्या नोंदणीचा विचार असेल तर रंगाचं काम आणि आरसीतली दुरुस्ती आधी उरका, अर्ज नंतर करा.