खाडीतले पांढरे बगळे वेगवेगळे कसे ओळखावेत?

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीकाठी दिसणारा प्रत्येक पांढरा पक्षी नुसता ‘बगळा’च वाटतो, मग त्यांच्या जाती ओळखायच्या कशा, असे आपण विचारले आहे. मी हौशी निरीक्षक आहे. पण याच काठावर बरीच वर्षे हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे की रंग आणि आकार बाजूला ठेवून नजर आधी चोचीवर आणि मग पायाच्या बोटांवर न्यावी.

चोच काळी, पाय काळे आणि बोटे मात्र हळदीत बुडवल्यासारखी पिवळी असतील, तर तो लहान बगळा. अडचण एवढीच, की ओहोटीला तो गाळात उभा असतो आणि बोटे दिसत नाहीत. मग तो उडेपर्यंत थांबावे, कारण उडताना पाय शेपटीमागे लांब ताणलेले असतात.

मोठा आणि मध्यम बगळा यांत माझीही फसगत होत असे. विणीचा काळ सोडल्यास दोघांचीही चोच पिवळी, आणि पक्षी एकटा असला की उंचीचा अंदाज चुकतो. चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी बारीक रेघ पाहावी: मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते, मोठ्यात डोळ्याच्याही मागे जाते. ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण असेल आणि पक्षी फार दूर नसेल, तर ती स्पष्ट दिसते.

समुद्री बगळा राखाडी असतो, तसाच पांढराही असतो, हे ठाऊक नसल्याने मी दोन हिवाळे त्याची नोंद लहान बगळा म्हणून केली. त्याचीही बोटे पिवळीच, पण चोच जाड, किंचित बाकदार आणि पिवळट-तपकिरी असते. म्हशींच्या पायांत घुटमळणारा, आखूड मानेचा, तो गायबगळा. बसलेला असताना मातकट आणि उडताच पांढरा दिसणारा पक्षी ही ढोकरी.

ओहोटीला पक्षी दूरच्या चिखलावर पांगतात आणि पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचावे. त्यातही सकाळची भरती निवडावी. ऐरोलीहून खाडी पश्चिमेला असल्याने संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि पांढरा बगळाही काळाच दिसतो.