मैफलीत पियानो कॉन्चेर्टोनंतर (म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेनंतर) ‘द रिंग विदाउट वर्ड्स’ आहे, वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेचं फक्त वाद्यांवरचं रूप. गायकच नाहीत, मग ऑपेरा कसा कळणार?

कळतो, कारण जर्मन संगीतकार वाग्नरने गोष्ट ऑर्केस्ट्रातच भरून ठेवली आहे. तलवार, अंगठी, ऱ्हाइन नदी, सगळ्यांना आपापली धून. ‘रिंग’चे चार ऑपेरा मिळून साधारण १५ तासांचे, ऑर्केस्ट्रा-संचालक लोरिन माझेल यांनी १९८७ मध्ये त्यातून सुमारे ७० मिनिटांची सलग रचना बांधली. कथेचा क्रम मूळचाच ठेवला.

सुरुवात अजिबात चुकवू नका! डबल बासचा खोल, जेमतेम ऐकू येणारा सूर, मग एकामागून एक आठ हॉर्न (पितळी फुंकवाद्यं): ही ऱ्हाइन नदी. मूळ ऑपेरात ती १३६ बार (तालाची आवर्तनं म्हणा) एकाच स्वरसंगतीवर वाहते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानांना ते लगेच भिडतं, निदान मला तरी भिडलं.

कॉन्चेर्टो आधी असतो तो सोयीसाठीही. मोझार्टचा असेल तर थोडे वादक पुरतात आणि मध्यंतरात पियानो हलवता येतो. वाग्नरला अख्खा मंच लागतो. आणि शेवटी देवांचा महाल वालहाला जळून गेल्यावर लगेच दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही.

जाण्याआधी चारही भागांची कथा मात्र वाचून जा.