वॉर्डात पेशंटचे दिवस कसे जातात

धाकट्या भावाला मनोरुग्णालयात अ‍ॅडमिट करायचं ठरलंय आणि तिथे त्याचे हाल होतील या धास्तीने तुमची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः पेशंट म्हणून अशा वॉर्डात राहिलेय, म्हणून आतून जे दिसलं ते सांगते.

घरच्यांना सगळ्यात जास्त भीती असते ती शॉकची. रीतसर उपचारात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच शॉक देतात, त्यामुळे झटका कळत नाही. नंतर काहींना विसरायला होतं, काहींच्या जुन्या आठवणीही जातात. त्याबद्दल डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा.

खरा त्रास बारीकसारीक गोष्टींचा होतो. पट्टा, बुटांच्या नाड्या, चार्जर काढून घेतात. जिवाला धोका होऊ नये म्हणून घेतात हे कळतं, तरी अपमान वाटतोच. रात्री टॉर्च मारून बघून जातात. गोळी गिळली ना, हे दाखवायला जीभ वर करावी लागते. आणि दिवस सरता सरत नाही! पाच मिनिटांच्या राउंडची सकाळपासून वाट बघायची आणि डॉक्टर समोर आले की विचारायचं तेच विसरायचं. म्हणून भावाला प्रश्न कागदावर लिहून ठेवायला सांगा. फोन नंबरही लिहून द्या, मोबाइल जवळ असेलच असं नाही. चष्मा विसरू नका.

दुसरं म्हणजे, तिथे तुमच्या प्रत्येक वागण्यात आजार दिसायला लागतो. 1887 साली नेली ब्लाय ही पत्रकार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिली. आत गेल्यावर तिने सोंग सोडलं, पण शहाण्यासारखं बोलावं तितकी ती जास्तच वेडी ठरत गेली. काळ बदललाय, तरी याची झळ मलाही लागली. औषधाने माझे पाय एका जागी ठरेनात, मी सारख्या येरझारा घालायचे. फाइलमध्ये ‘अस्वस्थ’ अशी नोंद झाली आणि डोस वाढला. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनी विचारलं, "मन घाबरतंय, की नुसते पायच थांबत नाहीत?" तो अकॅथिसिया होता, औषधाचा दुष्परिणाम. डोस कमी केल्यावर मला बसता आलं. भाऊ असं काही सांगू लागला तर ‘आजारामुळे बोलतोय’ म्हणून सोडून देऊ नका. बांधून ठेवलं किंवा मारलं म्हणाला, तर त्याच दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा.

आधार मात्र मला जास्त मिळाला तो इतर पेशंटचा. कोणत्या डॉक्टरांशी मोकळं बोलता येतं, रडू आलं तर कुठे जाऊन बसायचं, हे त्यांनीच सांगितलं.

डिस्चार्ज झाला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण आत्महत्येचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फार असतो. पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख हातात घेऊनच बाहेर पडा, आणि मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत.