‘पोर्ट’ म्हणजे बंदर, मग सिम ‘पोर्ट’ कसे होते?

पोर्ट म्हणजे बंदर, तर सिम पोर्ट करणे आणि लॅपटॉपचा पोर्ट यांचा बंदराशी काय संबंध, असे आपण विचारले आहे. थेट संबंध नाही. लॅटिनमधील तीन वेगळे शब्द इंग्रजीत येऊन एकसारखे दिसू लागले.

‘पोर्टुस’ म्हणजे बंदर. जयगड आणि दिघी हे पोर्ट, तसेच चिपीचे एअरपोर्ट, याच घराण्यातले. ‘पोर्टा’ म्हणजे दार, आणि माहितीची ये-जा करणारा यूएसबी पोर्ट हे असेच एक दार. ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणे. मोबाइल क्रमांक सोबत घेऊन कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली, तिचे ‘पोर्ट’ येथून आले. पोर्टर आणि ट्रान्सपोर्टही येथूनच. हापूस बंदरातून परदेशी जातो म्हणून त्याला एक्सपोर्ट म्हणतात असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या शब्दात बंदर नाही, ‘बाहेर वाहून नेणे’ आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चौथा अर्थ: जहाजाची डावी बाजू. जुन्या जहाजांचे सुकाणूचे वल्हे उजवीकडे असे; ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने बंदराला लावत. या बाजूचे जुने नाव ‘लार्बोर्ड’ होते, परंतु वाऱ्यात ते ‘स्टारबोर्ड’सारखे, म्हणजे उजव्या बाजूच्या नावासारखेच ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘पोर्ट’ हाच शब्द वापरण्याचा आदेश काढला. आजही नियमाप्रमाणे रात्री पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा दिवा असतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर समोरून जाणाऱ्या ट्रॉलरचा लाल दिवा दिसला, तर तो आपल्या डावीकडे चालला आहे असे समजावे. ट्रॉलर सरळ आपल्याकडे येत असेल तर दोन्ही दिवे दिसतात आणि लाल दिवा आपल्या उजव्या हाताला असतो.

मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी हा अर्थ आधी पक्का करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर जी डावी बाजू येते तीच पोर्ट. खलाशाने पाठ फिरवली तरी ती बदलत नाही, म्हणूनच जहाजावरच्या हुकमात ‘डावीकडे’ऐवजी ‘पोर्ट’ म्हणतात.