ग्वाल्हेरची थंडीतली सहल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : डिसेंबरच्या अखेरीस मी, यजमान आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे तिघे ग्वाल्हेरला येणार आहोत. हाताशी पूर्ण तीन दिवस आहेत. एका प्रवासी कंपनीच्या पत्रकात किल्ला, राजवाडा, तानसेनची कबर आणि बाडा हे सगळे एका दिवसात दाखवले आहे. आम्हाला अशी धावपळ नको. दिवस कसे आखावेत?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : ते पत्रक बाजूला ठेवा. डिसेंबरअखेर इथे सूर्य सातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे ठाण्यापेक्षा अर्धा तास तरी आधी. त्यात धुके पडले, तर दहा वाजेपर्यंत गडावरून शहर दिसत नाही आणि शहरातून गड दिसत नाही. उरतात साडेदहा ते साडेचार असे सहा तास. या सहा तासांत एकच मोठी गोष्ट पाहायची, असे ठरवूनच या.

आधी वार पाहा. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालातले संग्रहालय सोमवारी बंद असते आणि राजवाड्यालाही आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. म्हणून सोमवार ते बुधवार टाळून गुरुवार ते शनिवार धरा. रविवारी गडावर स्थानिकांची गर्दी असते.

पहिला दिवस जयविलास राजवाड्याला द्या. जयाजीराव शिंद्यांनी तो बांधून घेतला, १८७४ मध्ये तो पूर्ण झाला आणि आराखडा मायकेल फिलोस यांचा होता. लोक दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला धावतात आणि वाटेतली दालने ओलांडून जातात. अडीच तास काढा. दरबार हॉल वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा सासूबाईंनी खालची दालने आधी पाहून, थोडे बसून मग जिना चढावा. एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही : जाड भिंतींच्या या इमारतींत रात्रीचा गारठा दुपारपर्यंत मुरलेला असतो. म्हणून स्वेटर उन्हात काढायचा आणि आत शिरताना घालायचा. फरशी पायांतून थंडी चढवते, त्यामुळे लोकरीचे मोजे हवेतच.

दुसरा दिवस किल्ल्याचा. गाडी वर जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. त्या घाटात दोन्ही बाजूंच्या कड्यांत पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. सर्वांत उंच मूर्ती ५० फुटांहून मोठी आहे. बाबराच्या हुकुमाने यांतल्या कित्येक मूर्तींचे चेहरे फोडले गेले. पुढे त्यांतले काही पुन्हा घडवलेले दिसतात. गाडीच्या काचेतून त्या मूर्ती मनाजोग्या दिसत नाहीत, उतरून पाच मिनिटे चाला.

वर पोहोचल्यावर आधी तेली मंदिर, मग सास-बहू मंदिरे आणि शेवटी मानमंदिर असा क्रम धरा. तेली मंदिर साधारण १०० फूट उंच आहे आणि त्याचे शिखर नेहमीच्या नागर शिखरासारखे निमुळते नसून पालथ्या नावेसारखे आहे. ते जवळून पाहू नका, पन्नास पावले मागे सरकून पाहा. सास-बहू मंदिरांत सासू-सुनेचा संबंध नाही. मूळ नाव सहस्रबाहू, म्हणजे विष्णू. थोरल्या मंदिरातला शिलालेख १०९३ चा आहे. कड्याच्या काठावर असल्याने तिथे वारा झोंबतो, कानटोपी जवळ ठेवा.

मानमंदिर शेवटी ठेवायचे ते उन्हासाठी. मानसिंह तोमराचा (राज्यकाळ १४८६ ते १५१६) हा महाल निळ्या-पिवळ्या चकाकीच्या फरशांनी सजवलेला आहे : बदकांच्या रांगा, हत्ती, मगरी, केळीची झाडे. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळीच ऊन येते आणि थंडीत नेमके तेव्हाच धुके असते. दक्षिणेची भिंत मात्र हिवाळ्यात दुपारभर उन्हात न्हालेली असते, आणि नक्षी तिच्यावरच अधिक भरगच्च आहे. दोन-तीनच्या सुमारास तिच्यासमोर उभे राहा. आत जमिनीखाली दोन मजले आहेत. जिने अरुंद, काळोखे आणि पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, तेव्हा विजेरी घ्या आणि सासूबाईंना अंगणातल्या उन्हातच बसू द्या. तळघरात त्यांना नेण्याचा हट्ट धरू नका.

परतताना दोन वाटा करा. सासूबाईंनी गाडीने उरवाईवरून खाली येऊन, डोंगराला वळसा घालून गुजरी महालापाशी यावे. तुम्ही दोघे पूर्वेच्या पायवाटेने हत्ती पोळ या दरवाजातून उतरा. उतार बराच आहे, पण फरसबंद आहे आणि सावकाश अर्ध्या तासात संपतो. या वाटेवर लक्ष्मण दरवाजाजवळ एकाच खडकात कोरलेले छोटेसे चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या इसवी सन ८७६ च्या लेखात फुलबागेचे माप २७० हात बाय १८७ हात दिले आहे आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. त्या २७० आणि ५० मधले शून्य आपण आज लिहितो तसेच, गोल. भारतातल्या सर्वांत जुन्या तारीखवार शून्यांपैकी हे एक. गाडीने वर-खाली करणाऱ्यांचे हे हमखास राहून जाते. गुजरी महालात चारच्या आत शिरा.

तिसरा दिवस मोकळा सोडा. उशिरा उठा, फुलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी पाहा, दुपारी महाराज बाड्यावर फिरा. 'बाडा' म्हणजे आपला वाडाच. चौकाभोवतीच्या सात इमारती सात शैलींत बांधलेल्या आहेत. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून इथे हलवली आणि त्यांची छावणी पडली तोच आजचा शहराचा लष्कर भाग. शिंदे की छावनी, कंपू, जिवाजीगंज ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडी ऐकताना मराठी माणसाला वेगळेच वाटते.

प्रश्न : पुण्याहून रेल्वेने यायचे आहे. धुक्यात गाड्या रखडतात असे ऐकतो. आरक्षण कसे करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येतानापेक्षा जातानाची काळजी करा. पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाळ हवेचा, पाऊस पडून जातो, जमीन ओली राहते, आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो. रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतच्या दमट हवेचे धुके होते. पंजाबापासून चंबळेपर्यंत हाच प्रकार. तुमची येणारी गाडी रस्ता बहुतेक मोकळ्या हवेतून कापून येते. परतीची गाडी मात्र जम्मू किंवा पंजाबातून निघालेली असेल, तर ग्वाल्हेरला पोहोचेपर्यंत तिचा उशीर साठत आलेला असतो. चार-सहा तास उशीर जानेवारीत नवलाचा नाही.

पुण्यासाठी जम्मूहून येणाऱ्या झेलमपेक्षा दिल्लीहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस आम्ही सुचवू. दिल्ली ते ग्वाल्हेर अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि ते धुके उतरण्याआधी कापले जाते. तिचे डबे आदल्या फेरीतून उशिरा आले तर तीही अडते, पण कमी वेळा. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर हजर व्हायचे ठरवू नका, मध्ये एक दिवस राखा. विमानालाही हेच लागू आहे. सकाळचे विमान टाळून दुपारचे घ्या.

हॉटेलची खोली घेताना दोनच प्रश्न विचारा : एसी गरम हवा देतो का, आणि खोली दक्षिणेला किंवा पूर्वेला उघडते का? बहुतेक ठिकाणचा एसी फक्त थंड करतो. उत्तरेकडची खोली दिवसभर ऊन न मिळाल्याने संध्याकाळी गुहेसारखी गार पडते. जानेवारीत किमान तापमान सरासरी सातच्या आसपास असते आणि काही रात्री तीन-चारपर्यंत उतरते, तेव्हा प्रत्येकाला एक रजई जादा मागून ठेवा.

प्रश्न : आम्ही जिवाजीगंजचे. वन्सं, त्यांचे यजमान आणि आठ व अकरा वर्षांची मुले नागपूरहून चार दिवस आमच्याकडे येत आहेत. घर जुने आहे, थंडी फार. पाहुण्यांची सोय कशी करावी, मुलांना काय दाखवावे?
– एक वाचिका, ग्वाल्हेर

उत्तर : आधी सर्वांत महत्त्वाचे. पाहुण्यांच्या खोलीत कोळशाची सिगडी ठेवून दार-खिडक्या लावू नका, निखारे विझत आले तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. सिगडी अंगणात शेकायला ठेवा. खोलीत ब्लोअर चालेल, पण २००० वॉटचा ब्लोअर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. जुन्या घरातल्या सहा अँपिअरच्या साध्या प्लगला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला तो लावला, तर वायर तापून वितळते. सोळा अँपिअरचा प्लग नसेल तर १००० वॉटच्या खटक्यावरच चालवा आणि झोपण्यापूर्वी बंद करा. गिझर आणि ब्लोअर एकाच वेळी नको. आठ माणसांच्या आंघोळी सकाळी एकदम काढण्यापेक्षा मुलांच्या दुपारी, ऊन असताना उरका.

एका सकाळी नाश्ता घरी करूच नका. बेडई, बटाट्याची रसभाजी आणि जिलेबी आणवा. उडदाचे सारण भरलेली बेडई तळल्याबरोबर खायची असते, दहा-साडेदहानंतर दुकानात उरलीसुरली मिळते.

मुलांना चतुर्भुज मंदिरातले शून्य स्वतः शोधू द्या. २७० हा आकडा कागदावर लिहून न्या. अकरा वर्षांच्या मुलासाठी एक अर्धा दिवस मितावली आणि बटेश्वरला काढा, अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर गोल बांधलेले आहे. बटेश्वरची सुमारे दोनशे लहान देवळे दगडांच्या ढिगाऱ्यातून पुन्हा उभी केली जात आहेत. २००५ पासून पुरातत्त्व खात्याने ते काम हाती घेतले. कुठला दगड कुठे बसवला असेल, यात मुले तासभर रमतात. वाटेत मोहरीची शेते फुललेली असतात. जेवण-पाणी घरून न्या आणि अंधाराआधी परत या. व्यापार मेळा भरला असेल तर तिथे रविवार सोडून जा.

प्रश्न : तानसेन समारोहासाठी यायचे आहे. पास लागतो का? थंडीत बसवते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रवेश खुला असतो. समारोह डिसेंबरात होतो, तारखा मात्र दरवर्षी नव्याने ठरतात. त्या जाहीर झाल्यावरच आरक्षण करा. २०२४ मध्ये त्याची शंभरावी खेप झाली. शहरातल्या हजिरा भागात सूफी संत महंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनची साधीशी कबर आहे. मकबऱ्याच्या दगडी जाळ्या दुपारच्या तिरप्या उन्हात जमिनीवर उमटतात, तेव्हाच पाहा. कबरीजवळच्या चिंचेची पाने चावली की गळा गोड होतो, असा समज आहे. कृपा करून पाने तोडू नका.

संध्याकाळची सभा रात्री लांबते आणि गारठा खालून चढतो, म्हणून शालीबरोबर बसायला जाड सतरंजीची घडी न्या. प्रकृती नाजूक असेल तर सकाळची सभा निवडा. आमचे मत विचाराल तर तब्येत ठणठणीत असली तरी सकाळचीच निवडा. एरवी मैफली संध्याकाळी होतात आणि तोडी, भैरव हे राग आपल्या वेळी, समोर बसून ऐकायला फारसे मिळत नाहीत. ग्वाल्हेरची गायकी शिकून ती महाराष्ट्रात नेली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. तुमच्या कोल्हापूरकडच्या माणसाने तरी ही सकाळ चुकवू नये.

प्रश्न : गजक मुंबईला नेली की मऊ पडते. का?
– एक वाचिका, दादर

उत्तर : तीळ आणि गुळाचा पाक कुटून कुटून तिचे पदर केलेले असतात. पाकाला हवेतली ओल ओढून घ्यायची सवय, आणि इथली कोरडी थंडी मुंबईत नाही. घेताना तुकडा मोडून पाहा, कट्‌कन तुटला पाहिजे. वाकला तर माल जुना. निघण्याच्याच दिवशी घ्या, खोका तसाच पिशवीत न कोंबता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा सामानात सर्वांत वर ठेवा. घरी पोहोचल्यावर सगळा डबा उघडा ठेवू नका, लागेल तेवढीच काढून झाकण लगेच लावा. संक्रांतीसाठी राखायची असेल तर तिचा वेगळा, न उघडलेला डबा करा.