अक्षरं कशी निवडायची?

प्रश्न: ताई, आमच्या गावात कचरा वेगळा करायच्या मोहिमेचं पोस्टर करतेय. एका ॲपवर मस्त नक्षीदार फाँट सापडलाय पण घरचे म्हणतात लग्नपत्रिका वाटते. फाँटने खरंच एवढा फरक पडतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: पडतो गं, खूप पडतो! आणि घरचे बरोबर बोलतायत. १९६८ साली अमेरिकेत मेम्फिसला सफाई कामगारांचा संप झाला, कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार गेले होते त्यानंतर, तेव्हा त्यांच्या हातातले फलक आठव. पांढऱ्या कागदावर काळी ठसठशीत अक्षरं, 'आय ॲम अ मॅन', आणि मधल्या 'ॲम'खाली फक्त एक रेघ. चित्र नाही की नक्षी नाही, पण ती रेघच सांगते की आम्ही माणसं आहोतच, तुम्ही माना किंवा नका मानू. मला तर आजही तो फोटो बघून भरून येतं.

तर तू पण जाड, साधं अक्षर घे, 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फाँट फुकट मिळतो, चांगलाय. फक्त ठळक करायच्या नादात अनुस्वार आणि रफार शेजारच्या मात्रेत घुसत नाहीत ना ते बघ, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटासुटा दिसतो. 'ओला' हिरव्यात, 'सुका' निळ्यात, डबेपण त्याच रंगाचे असतात म्हणजे वाचायच्या आधीच कळतं. प्रिंट काढलीस की भिंतीला लावून रस्त्याच्या पलीकडून वाचून बघ.