मसुदा वाचून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

२६ जुलैच्या, कारगिल विजय दिनाच्या भाषणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तळमळ खरी आहे, पण पहिल्याच पानावर ‘रक्त’ सात वेळा येतं आणि कॅप्टन विजयंत थापर एकदाच. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तरी भाषण तसंच चालेल. तेच मला खटकलं.

आधी एक चूक सुधार. त्यांना परमवीर चक्र नव्हे, मरणोत्तर वीरचक्र मिळालं. आणि ‘शहीद’ हा शब्द लष्कर अधिकृतपणे वापरत नाही. आपल्याकडे ‘धारातीर्थी पडले’ आहे की, तो वापर.

वडील फौजेत, मुलाचं नाव ‘विजयंता’ रणगाड्यावरून ठेवलेलं, आणि मुलगा गेला पायदळात, २ राजपुताना रायफल्समध्ये. डिसेंबर १९९८ मध्ये कमिशन, पुढच्या जूनमध्ये कारगिल युद्धात द्रासच्या तोलोलिंग शिखराची लढाई. त्यानंतर ‘नोल’ नावाचं ठाणं. २८ जूनची रात्र ज्येष्ठ पौर्णिमेची होती. आपल्याकडे या पौर्णिमेला बायका वडाला दोरा गुंडाळतात. तिथे मात्र चांदणं म्हणजे वर बंकरमध्ये बसलेल्याची सोय. चढणाऱ्याला लपायला झाडसुद्धा नाही. त्याच लढाईत मेजर पद्मपाणी आचार्य आणि कॅप्टन केंगुरुसे हेही पडले. ती दोन नावं गाळू नकोस. विजयंत तेव्हा बावीस वर्षांचे होते. तू येत्या वर्षी होशील.

आता त्यांचं पत्र. आपण परतलो नाही तर घरी पोचवा, असं सांगून ठेवलेलं. सगळेजण त्याची पहिली ओळ वाचतात आणि गळा भरून येतो. तू खालच्या ओळी वाच. शरीराचा जो अवयव कामी येईल तो द्या. अनाथाश्रमाला थोडे पैसे द्या. काश्मीरमधल्या एका लहान मुलीला दरमहा पन्नास रुपये देत राहा. जमलं तर ही जागा बघायला या.

पन्नास रुपये! गावाला जाताना आपण दूधवाल्याचा हिशेब शेजाऱ्याला सांगून जातो ना, तसं. उद्या आपण नसू हे कळत असताना या मुलाला काळजी कसली, तर महिन्याचे पैसे चुकू नयेत याची. मी हे कितव्यांदा वाचतोय कोण जाणे, पण त्या आकड्यापाशी अजूनही अडखळतो.

वडील कर्नल थापर वर्षानुवर्षं द्रासला जात राहिले. २०१६ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, ते चढून थेट त्या जागेपर्यंत गेले. मुलानं बोलावलं होतं.

बोलताना ओरडू नकोस. मागे गाणं लावायचं कुणी सुचवलं तर नको म्हण. त्या पन्नास रुपयांपाशी थोडा थांब, टाळ्या नाही पडल्या तरी चालेल.

दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव. आणि ते ‘रणशिंग’ काढ.